चिमणीत उतरवायचं किट: पैसे कुठे घालावेत, कुठे नाहीत

लाकडाचा स्टोव्ह घ्यायला निघालेला माणूस दुकानात तासभर स्टोव्हची दारं उघडून-मिटून बघतो आणि चिमणीच्या सामानावर पाच मिनिटंही घालवत नाही. खरं तर उलटं व्हायला हवं. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून इकोडिझाइनचे, म्हणजे स्टोव्हच्या धुरावर आणि कार्यक्षमतेवर मर्यादा घालणारे नियम लागू झाले. तेव्हापासून बाजारात येणारे ५ किलोवॅटचे बरे स्टोव्ह जळण्याच्या बाबतीत एकमेकांपासून फारसे वेगळे राहिलेले नाहीत. खोलीत धूर येणार का, काच दुसऱ्याच दिवशी काळी पडणार का, चार हिवाळ्यांनी भिंतीवर तपकिरी डाग उमटणार का, हे ठरवते ती कुणाला न दिसणारी नऊ-दहा मीटरची स्टीलची नळी.

म्हणून हा आढावा स्टोव्हचा नाही. ‘चिमणी लायनर किट’ म्हणून एकाच खोक्यात विकल्या जाणाऱ्या सामानाचा आणि ते बसवून देणाऱ्या सेवेचा आहे. इंग्लंडमध्ये जुनं विटांचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न हमखास येतो. दिवाणखान्यात फायरप्लेस आहे, तिथे आधी कोळसा जळायचा, मग गॅसची शेगडी आली, आता तीही बंद पडली. तिथे स्टोव्ह बसेल का? बहुतेक घरांत बसतो. पुढचं सगळं साधारण १८८० ते १९३० दरम्यान बांधलेल्या, रांगेतल्या दुमजली घराला धरून आहे आणि नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडची नियमावली वेगळी आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. किटमधला लायनर, म्हणजे धुरांड्यात उतरवायची ती स्टीलची नळी, सहसा चांगला असतो, कारण गिऱ्हाईक चौकशी करतं ती त्याचीच. काउल, म्हणजे चिमणीच्या डोक्यावरची टोपी, कामचलाऊ. अडॅप्टर, म्हणजे लायनर आणि स्टोव्हचा पाइप जोडणारा तुकडा, ठीक. धुरांड्याचं खालचं तोंड बंद करणारी रजिस्टर प्लेट बहुतेक वेळा फेकून द्यायच्या लायकीची. वर्मिक्युलाइट, म्हणजे लायनरभोवती भरायचे उष्णता धरून ठेवणारे दाणे, हमखास कमी. एकूण किट घेण्यात तोटा नाही, पण ‘संपूर्ण किट’मधल्या ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबू नये.

लायनर मुळात लागतो कशाला

उघड्या फायरप्लेससाठी बांधलेलं धुरांडं आतून नऊ इंच बाय नऊ इंच, म्हणजे साधारण २२५ मिलिमीटर चौरस असतं. उघडी आग खोलीतली खूप हवा सोबत घेऊन वर जाते, तेव्हा तिला एवढी जागा लागतेच. नियमावलीही उघड्या आगीसाठी किमान २०० मिलिमीटर व्यास मागते. बंद दाराच्या स्टोव्हचं तसं नाही. तो मोजकी हवा घेतो आणि उष्णता खोलीत ठेवतो. वर जाणारा वायू त्यामुळे कमी आणि तुलनेनं गार असतो. २२५ चौरसाचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटरच्या वर जातं, १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं जेमतेम १७७. तोच वायू तिप्पट रुंद, थंडगार विटांच्या बोगद्यात सोडला की तो रेंगाळतो, निवतो आणि भिंतीला पाणी सोडतो.

हे पाणी थोडंथोडकं नसतं. वीस टक्के ओलावा असलेलं एक किलो लाकूड जळलं की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन वर जातं. त्यातलं थोडं लाकडात आधीच असतं, बाकीचं लाकडातल्या हायड्रोजनपासून जळताना तयार होतं. म्हणजे कितीही वाळलेलं लाकूड आणलं तरी वाफ चुकत नाही. ती काउलच्या बाहेर पडेपर्यंत गरम ठेवणं, एवढंच आपल्या हातात. वाटेतच गार झाली तर तिच्यासोबत डांबरासारखा क्रिओसोट भिंतीला बसतो, विटांच्या सांध्यांतून पाझरतो आणि वरच्या बेडरूमच्या वॉलपेपरवर उमटतो. साठलेला क्रिओसोट पेटला की चिमणीला आग लागते.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. रांगेतल्या घरांत एकाच खांबात चार-सहा धुरांडी शेजारी शेजारी जातात आणि त्यांच्यामधल्या विटांच्या पडद्या जेमतेम अर्ध्या विटेच्या असतात. शंभर वर्षांच्या काजळीनं आणि आम्लानं सांध्यांतला चुना खाल्लेला असतो. खालच्या मजल्यावर पेटवलेल्या आगीचा धूर शेजारच्या घराच्या वरच्या खोलीत निघाला, असं होऊ शकतं आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. धुरांडं धडधाकट आणि योग्य मापाचं असेल तर कायदा लायनरची सक्ती करत नाही, हे खरं. पण ते धडधाकट आहे हे सिद्ध करायला जी तपासणी लागते ती करून झाल्यावर बहुतेकांना लायनर घ्यावाच लागतो.

३१६ की ९०४

लवचिक लायनर स्टीलच्या पट्टीचे वेढे एकमेकांत अडकवून बनवतात. बाहेरून नालीदार, आतून गुळगुळीत, दोन थरांचा. प्रत्येक थर सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. हे वाचून घाबरायला होतं, पण नळी वाकते ती त्यामुळेच. गॅसच्या शेगडीसाठी वापरतात तो लायनर एकाच थराचा असतो. तो लाकडाला चालत नाही. जुन्या घरात गॅसचा लायनर आधीच आत असेल, तर ‘आहे तोच वापरू’ म्हणणाऱ्या कारागिराला तिथेच नमस्कार करावा. तो काढावाच लागतो.

स्टीलच्या दोन प्रती मिळतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन टक्क्यांच्या आसपास असतं. ९०४ मध्ये ते साडेचार टक्क्यांच्या जवळ जातं, निकेल पंचवीस टक्क्यांपर्यंत आणि वर थोडं तांबं. हे तांबं सल्फ्युरिक आम्लाला तोंड देण्यासाठी घातलेलं असतं. हे आम्ल लाकडातून फारसं येत नाही, कोळशाच्या गोळ्यांतून येतं. बिनधुराचं इंधन म्हणून ज्या गोळ्या विकतात त्यांतही गंधक असतंच. तेव्हा फक्त वाळलेलं लाकूड, तेही संध्याकाळचे चार तास, असा वापर असेल तर ३१६ पुरतं. कधी लाकूड, कधी गोळ्या, रात्री हवा बंद करून धुमसत ठेवायचं, अशी सवय असेल तर ३१६ घेणं म्हणजे पैसे चिमणीत घालणं, शब्दशः. हिवाळा संपल्यावर न झाडलेली काजळी उन्हाळाभर ओल शोषते आणि आम्ल तेव्हाच स्टील खातं.

आमचा कौल सरसकट ९०४ ला आहे. दोन प्रतींमधला फरक संपूर्ण कामाच्या खर्चात छोटा असतो आणि लायनर पुन्हा बदलायचा म्हणजे पुन्हा परांची. मात्र विकत घेताना एक प्रश्न विचारा: दोन्ही थर ९०४ चे आहेत की फक्त आतला? आतला ९०४ आणि बाहेरचा ३१६ अशी जोडीही ‘९०४’ म्हणूनच विकली जाते. ती वाईट नाही, कारण आम्ल आतच असतं. पण किंमत दोन्ही थरांची घेतली जात असेल तर ते चुकीचं. हमीचा कागदही नीट वाचा. लांबलचक वर्षांच्या हमीखाली बारीक अक्षरांत दरवर्षी चिमणी झाडून घेतल्याचा दाखला मागितलेला असतो.

व्यासाचा प्रश्न सोपा आहे, तरी घोळ इथेच होतो. नियमावलीप्रमाणे लाकूड जाळणाऱ्या बंद स्टोव्हला १५० मिलिमीटर लागतात. स्मोक कंट्रोल क्षेत्रात (चिमणीतून धूर सोडण्यावर बंधन असलेल्या भागात) वापरायला मान्यता असलेला स्टोव्ह असेल तर १२५ चालतात. स्टोव्हच्या तोंडापेक्षा लायनर कधीही बारीक नको. तोंड १२५ चं आणि लायनर १५० चा असेल तर मध्ये रुंदावणारा तुकडा लावला की झालं. धुरांडं वळणाचं आणि अरुंद असेल तरच १२५ कडे वळावं. पुढेमागे दुसरा स्टोव्ह आणायचा झाला तर १५० चा लायनर कामी येतो.

मोजणं आणि उतरवणं

लांबी घराच्या उंचीवरून अंदाजानं मागवू नये. चिमणीच्या डोक्यावरच्या मातीच्या पॉटमधून (नळकांड्यातून) वजन बांधलेली दोरी सोडून मोजावी. धुरांडं सरळ नसतं. वरच्या मजल्यावरच्या फायरप्लेसला वळसा घालून ते एकदा तिरकं जातं आणि परत सरळ होतं. दोन टोकांचं मिळून अर्धा-पाऊण मीटर जास्त धरावं. कमी पडलेला लायनर मध्ये जोड देऊन वाढवणं हा मूर्खपणा आहे, कारण तो जोड पुन्हा कधीच डोळ्यांना दिसणार नाही.

त्याआधी दोन कामं. एक, चिमणी नीट झाडून घेणं; जुन्या कोळशाची काजळी लायनरच्या बाहेर राहिली तर तापल्यावर घरभर वास मारते. दोन, वरच्या खोलीत आणि माळ्यावर जाऊन चिमणीचा खांब शाबूत आहे का ते बघणं. आधीच्या मालकानं बेडरूममधला खांब जागेसाठी तोडलेला असतो आणि माळ्यावरचा भाग लाकडी टेकूवर उभा असतो, हे इंग्लंडमध्ये दुर्मीळ नाही. माळ्यावर विटांवर काळे-पिवळे ओघळ दिसले तर पडद्या गळतात असं समजावं.

लायनरवर बाण छापलेला असतो. तो धुराच्या दिशेनं, म्हणजे वर हवा. आतल्या पट्टीचे वेढे खवल्यांसारखे एकावर एक असतात. बाण वर असेल तर खाली ओघळणारं पाणी आणि डांबर आतल्या बाजूनंच स्टोव्हपर्यंत येतं आणि जळून जातं. लायनर उलटा घातला तर प्रत्येक वेढ्याच्या फटीत ओघळ शिरतो, दोन थरांमध्ये साचतो आणि स्टील आतून सडतं. बाहेरून काहीही कळत नाही. बसवणारा वर असताना खाली उभं राहून बाण बघून घेणं, हे घरमालकाचं या सगळ्या कामातलं सर्वात मोलाचं काम. फोटोही काढून ठेवावा.

उतरवायला दोन माणसं लागतात. वरचा ढकलतो, खालचा नोज कोनला, म्हणजे लायनरच्या खालच्या टोकावरच्या निमुळत्या टोपीला, बांधलेली दोरी ओढतो. वळणावर अडला की जोरानं हिसकायचं नाही. थोडा वर घ्यायचा, पिळून पुन्हा सोडायचा. विटेच्या धारेवर घासून दिसणारं ओरखडं चालतं, उसवलेला वेढा चालत नाही. उसवला तर तो लायनर बाद. वरच्या माणसाखाली परांची किंवा नीट अडकवलेली छपराची शिडी हवी. हे घरच्या घरी रविवारी उरकायचं काम नाही.

वरचं टोक

टांगतं काउल आणि पॉटखालची पकडपट्टी, असे दोन पर्याय. टांगत्या काउलला पट्ट्यांनी पॉटवर आवळतात आणि लायनर त्यालाच लोंबतो. अर्ध्या तासाचं काम, म्हणून किटमध्ये बहुधा हेच येतं. पॉट नवा, जाड आणि घट्ट बसलेला असेल तर हरकत नाही. पण शंभर वर्षांच्या पॉटला केसाएवढी चीर असतेच आणि खालचा मसाला सुटलेला असतो. त्यावर पूर्ण लायनरचं वजन आणि वाऱ्याचे हिसके टाकणं बरं नाही. दुसऱ्या पद्धतीत पॉट काढून विटांवर स्टीलची प्लेट ठेवतात, लायनर त्यात आवळतात, वर पॉट परत बसवून उताराचा मसाला भरतात. वजन विटांवर येतं, पावसाचं पाणीही आत जात नाही. परांची उभारलेलीच असेल तर दुसरीच पद्धत घ्यावी. पॉट पुढेमागे बदलायचा असेल तोही त्याच दिवशी होऊन जातो.

काउलला जाळी हवी. मराठीत ‘चिमणी’ म्हटलं की पक्षी आधी आठवतो, पण इंग्लंडातल्या चिमणीत चिमणी नव्हे, जॅकडॉ नावाचा छोटा कावळा घरटं करतो आणि बादलीभर काटक्या आत टाकतो. जाळीचा एक तोटा: ओलं लाकूड जाळणाऱ्या घरात तिची भोकं डांबरानं बुजतात आणि धूर खोलीत परततो. जाळी बुजली म्हणून तिला दोष देण्याआधी जळण तपासावं. फिरतं काउल या किटमध्ये नसतं ते बरंच आहे. वाऱ्याचा खरा त्रास नसेल तर त्याची गरज नाही, आणि त्याचं बेअरिंग अडकलं की पुन्हा छपरावर चढायचं.

रजिस्टर प्लेट, म्हणजे जिथे किट हमखास फसवतं

फायरप्लेसच्या वर, लिंटलच्या आत, धुरांड्याचं तोंड आडवं बंद करणारी ही प्लेट. तिच्यातून स्टोव्हचा पाइप वर जातो. ती नीट बंद नसेल तर खोलीतली गरम हवा जुन्या धुरांड्यातून वर पळते आणि वरून वर्मिक्युलाइट, धूळ, चुन्याचे तुकडे स्टोव्हवर पडत राहतात. एवढं महत्त्वाचं काम आणि किटमध्ये येते ती पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची. तापली की ती फुगते, गार झाली की टिक-टिक करत आकसते, आणि त्या रोजच्या हालचालीनं कडेचा फायर सिमेंट पहिल्याच महिन्यात तडकतो. नवी असताना जस्ताचा वास येतो तो वेगळाच.

दीड मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये. त्याहून बरा पर्याय म्हणजे कॅल्शियम सिलिकेटची १२ मिलिमीटरची पाटी: ती वाजत नाही, उष्णता अडवते, करवतीनं कापता येते आणि रंगवता येते. भिंतीत लोखंडी कोन ठोकून त्यावर टेकवायची. कोन धरायला प्लॅस्टिकचे रॉलप्लग वापरू नयेत, ते वितळतात. धातूचे अँकर घ्यावेत. कडेला फायर सिमेंटऐवजी उष्णता सोसणारं, ताणलं जाणारं सीलंट भरावं. फायर सिमेंट पाइपच्या सांध्यात चांगला, पण दगडासारखा कडक होतो आणि हलणाऱ्या कडेला टिकत नाही. पाटीत हात जाईल एवढं स्क्रूनं बंद होणारं झाकण ठेवलं तर अडॅप्टरचा सांधा पुढे कधीही बघता येतो. हे झाकण न ठेवणारे कारागीर बरेच आहेत, कारण ठेवायला वीस मिनिटं जास्त लागतात.

वर्मिक्युलाइटचा हिशोब

लायनर आणि विटा यांच्यामधल्या पोकळीत हे दाणे भरले की नळी लवकर तापते आणि तापलेली राहते. किटमध्ये एखादी पिशवी येते. हिशोब करून बघा. २२५ मिलिमीटर चौरस धुरांड्यात १५० चा लायनर, बाहेरून साधारण १५८ धरला, तर दर मीटरला सुमारे ३१ लिटर पोकळी उरते. नऊ मीटरला २८० लिटर, म्हणजे १०० लिटरच्या तीन पिशव्या. १२५ चा लायनर असेल तर ३३० लिटरच्या आसपास. विटांचे खड्डे, वरच्या मजल्याच्या फायरप्लेसकडे निसटणारं तोंड, हे धरून एक पिशवी जास्तीची. वरच्या खोलीतली फायरप्लेस त्याच धुरांड्याला जोडलेली नाही ना, हे आधी बघा; नाहीतर रात्री बेडरूममध्ये दाण्यांची रास पडते.

सगळ्यांना भरावंच असं नाही. चिमणी घराच्या पोटात, दोन खोल्यांच्या मध्ये असेल तर लायनर भरल्याशिवायही बऱ्यापैकी गरम राहतो. बाहेरच्या भिंतीत असेल, एक बाजू पावसाला आणि वाऱ्याला उघडी असेल, तर भरलंच पाहिजे. वरून पाणी शिरत असेल तर मात्र आधी ते थांबवा. भिजलेला वर्मिक्युलाइट म्हणजे लायनरला गुंडाळलेलं ओलं गोणपाट.

पाइप, फरशी, हवा

स्टोव्ह आणि लायनर यांच्यामधल्या विट्रियस (एनॅमल चढवलेल्या) पाइपचं अरुंद टोक खाली हवं. पाहणाऱ्याला ते उलटं वाटतं, कारण आपण पन्हाळीचा पाइप नेहमी बाहेरच्या पाण्याचा विचार करून बघतो. इथे ओघळ आत हवा. रुंद टोक खाली ठेवलं तर प्रत्येक सांध्यातून काळी रेघ बाहेर येते आणि ती एनॅमलवरून निघत नाही. वळणं ४५ अंशांपेक्षा जास्त नसावीत. स्टोव्हचं तोंड मागून असेल तर आडवा तुकडा १५० मिलिमीटरपेक्षा लांब नको.

एकेरी पाइपपासून लाकडी वस्तूपर्यंत पाइपच्या व्यासाच्या तिप्पट अंतर हवं, म्हणजे १२५ ला ३७५ आणि १५० ला ४५० मिलिमीटर. फायरप्लेसवरची सुंदर जुनी ओकची तुळई इथेच अडचणीत येते. स्टोव्हचं स्वतःचं अंतर त्याच्या पुस्तिकेत असतं, ते वेगळं पाळायचं. फरशीबाबत पुस्तिकेत बघा: स्टोव्ह खालची जमीन १०० अंशांच्या वर तापवत नसेल तर १२ मिलिमीटरची न जळणारी लादी पुरते, तापवत असेल तर १२५ मिलिमीटर जाडीचं बांधकाम लागतं. बंद दारानंच वापरायच्या स्टोव्हपुढे २२५, दार उघडून वापरता येणाऱ्यापुढे ३००, दोन्ही बाजूंना १५०.

दुकानात सगळे ५ किलोवॅटचेच स्टोव्ह का दिसतात, याचं उत्तर हवेच्या नियमात आहे. जुन्या, फटी असलेल्या घरात ५ किलोवॅटपर्यंत भिंतीला वेगळं भोक पाडावं लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक किलोवॅटला ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडी जाळी हवी. नव्या, घट्ट बांधलेल्या घरात पहिल्या किलोवॅटपासूनच. तशीही बहुतेक दिवाणखान्यांना ५ ची गरज नसते. घनमीटरला १४ नं भागायचा ढोबळ ठोकताळा लावला तर चार बाय चार मीटरच्या, २.७ मीटर उंच खोलीला तीन-साडेतीन पुरतात. ८ किलोवॅटचा आणून हवा कोंडून धुमसत ठेवला की क्रिओसोट ठरलेला.

एक गोष्ट मराठी घरांनी खास लक्षात घ्यावी. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एकत्र केलेला असेल, तर ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा स्टोव्हच्या धुरावर मात करतो. फोडणी टाकताना पंखा पूर्ण जोरात चालतो, आणि तोच पंखा चिमणीतला धूर खाली ओढतो. म्हणून धूरचाचणी हा पंखा पूर्ण वेगावर ठेवून, खिडक्या-दारं बंद करूनच करून घ्यायची. त्यात धूर आला तर जास्तीची जाळी बसवा किंवा पंखा बदला. ‘पंखा लावताना लक्ष ठेवू’ हा उपाय नाही.

बसवून देणारी सेवा

इंग्लंडमध्ये दोन रस्ते आहेत. हेटाससारख्या, स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या योजनेत नोंदलेला कारागीर काम करून स्वतःच दाखला देतो. नाहीतर आधी स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम तपासणाऱ्या विभागाला) अर्ज करायचा, शुल्क भरायचं, आणि ते तपासून दाखला देतात. दुसऱ्या रस्त्यानं काम स्वतः किंवा साध्या गवंड्याकडून कायदेशीररीत्या करता येतं, पण शुल्क आणि परांची धरून बचत फारशी उरत नाही. दाखला नसेल तर घर विकताना खरेदीदाराचा वकील विचारतो, आणि आग लागली तर विमा कंपनी विचारते.

दरपत्रक हाती आल्यावर त्यात काय नाही ते शोधा. परांची, जुना गॅसचा लायनर काढणं, फायरप्लेसमागचा राडारोडा भरून नेणं, वर्मिक्युलाइट, पॉट, नवा लिंटल: यांतले दोन-तीन ओळीत नसतात आणि ऐन कामात जोडले जातात. फायरप्लेसच्या मागे जुना बॅक बॉयलर (आगीवर पाणी तापवणारी टाकी) निघाला तर काम तिथेच थांबवायचं. पाणी काढून दोन्ही तोंडं बुजवलेला बॉयलर आगीच्या मागे तसाच ठेवला, तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. तो काढावा, निदान त्याला भोक पाडून मोकळा तरी करावा. जुनी पांढुरकी पाटी किंवा दोरी निघाली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तपासल्याशिवाय तिला हात लावू देऊ नये.

काम झाल्यावर कारागीर जायच्या आत चार गोष्टी बघा. धुराच्या गोळीची चाचणी तुमच्यासमोर झाली का? स्टोव्ह पेटवून चिमणीची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, मोजली का? बहुतेक स्टोव्ह १२ पास्कलच्या आसपास ओढ मागतात, फार जास्त असेल तर जळण भसाभसा जातं. लायनरची प्रत, व्यास आणि तारीख लिहिलेली पाटी विजेच्या मीटरजवळ लावली का? आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म योग्य जागी आहे का? तो स्टोव्हपासून आडव्या अंतरानं १ ते ३ मीटरवर हवा. छतावर लावला तर भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर, भिंतीवर लावला तर दार-खिडक्यांच्या वर, पण छतापासून किमान १५० मिलिमीटर खाली. किटमधला अलार्म बीएस ईएन ५०२९१ या मानकाचा आहे का आणि त्याची बॅटरी त्याच्या आयुष्यभर पुरणारी आहे का ते बघा. नसेल तर तेवढा वेगळा विकत घ्या, मोठा खर्च नाही.

शहरातली बहुतेक घरं स्मोक कंट्रोल क्षेत्रात येतात. तिथे मान्यता असलेला स्टोव्ह हवा, आणि तरीही चिमणीतून धूर दिसला तर पालिका १७५ ते ३०० पौंडांचा दंड लावू शकते. धूर दिसतो तो बहुधा ओल्या लाकडाचा. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकताना त्यात ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा लागतो, पण पावसात उघड्यावर ठेवलेली पिशवी आठवड्यात तो नियम मोडते. ओलावामापक घ्या, आणि लाकूड मधोमध फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर टोचा. बाहेरची साल नेहमी खोटं बोलते.

फायर सिमेंटला सुकायला एक दिवस द्या. पहिल्या तीन आगी लहान, खिडकी उघडी ठेवून. स्टोव्हचा रंग पक्का होताना वास येतोच, तो दोष नाही. थंडीत लायनरमध्ये गार हवेचा बोळा बसलेला असतो, तेव्हा काटक्या वर आणि ओंडके खाली ठेवून वरून पेटवा. पाइपला लावायचा चुंबकाचा तापमापक किटमध्ये नसतो, तो घ्याच: काटा साधारण ११५ ते २४० अंशांमध्ये राहिला तर लायनर कोरडा राहतो. वर्षातून किमान एकदा, रोज पेटवत असाल तर दोनदा झाडून घ्या, त्यातली एक खेप हिवाळा संपल्या संपल्या. ब्रश नायलॉनचाच हवा. तारेचा ब्रश दिसला तर झाडणाऱ्याला दारातच थांबवा, आणि झाडून झाल्यावर दाखल्यावर तारीख आणि लायनरची स्थिती लिहून घ्या. हमीसाठी तोच कागद लागणार आहे.